शेवटचे २.१ सेकंद : बचावातील चूक नेमकी कशी ठरवायची?

२८ मार्च १९९२ रोजी फिलाडेल्फियातील स्पेक्ट्रम या क्रीडागृहात ड्यूक आणि केंटकी या दोन अमेरिकी विद्यापीठांमधला बास्केटबॉलचा सामना जादा वेळेत गेला होता. जादा वेळेचेही अवघे २.१ सेकंद उरले असताना केंटकी १०३–१०२ असा एका गुणाने पुढे होता. चेंडू ड्यूककडे होता, पण तो मैदानाच्या दूरच्या टोकाला, सीमारेषेबाहेरून आत टाकायचा होता. केंटकीचे प्रशिक्षक रिक पिटिनो यांनी चेंडू आत टाकणाऱ्या ग्रँट हिलसमोर एकही बचावपटू उभा केला नाही. हिलने सुमारे ७५ फुटांचा, म्हणजे जवळजवळ २३ मीटरचा पास समोरच्या टोकाच्या फ्री थ्रो (प्रतिस्पर्ध्याने फाउल, म्हणजे नियमबाह्य अडथळा केल्यावर मिळणारी एका गुणाची मोकळी फेक) रेषेपाशी आलेल्या क्रिस्टियन लेटनरकडे फेकला. लेटनरने बास्केटकडे पाठ असतानाच तो झेलला, उजवीकडे जाण्याची हूल दिली, चेंडू एकदा जमिनीवर आपटला, डावीकडे वळून उडी घेतली आणि चेंडू सोडला. वेळ संपली तेव्हा चेंडू हवेत होता. ड्यूकने सामना १०४–१०३ असा जिंकला.

त्या दिवसापासून केंटकीचे चाहते दोन प्रश्न विचारत आले आहेत. हिलसमोर हात उंचावलेला एखादा खेळाडू का उभा केला नाही? आणि लेटनरच्या दोन्ही बाजूंना असलेल्या जॉन पेल्फ्री आणि डेरॉन फेल्डहाउस या दोघांनी त्याला सुखासुखी वळू कसे दिले? प्रश्न रास्त आहेत. मात्र त्यांची उत्तरे शोधताना माणसाचे मन काही ठरावीक ठिकाणी हमखास घसरते. गेल्या सत्तर वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी या घसरण्याचा अभ्यास केला आहे, आणि त्या अभ्यासाच्या उजेडात हा जुना वाद बराच वेगळा दिसतो.

आधी पिटिनो यांच्यापुढचा पेच समजून घेऊ. बचावाला पाच खेळाडू असतात. चेंडू आत टाकणारा सीमारेषेबाहेर उभा असतो, म्हणून मैदानात आक्रमणाचे चारच जण उरतात. हिलसमोर एक माणूस ठेवला की आत चारास चार अशी लढत होते. तो माणूस मागे बोलावला की चारांविरुद्ध पाच होतात आणि सर्वांत धोकादायक खेळाडूभोवती दोघांचे कडे करता येते. तो खेळाडू कोण, याविषयी शंका नव्हती. ६ फूट ११ इंच उंचीच्या लेटनरने त्या सामन्यात तोवर मैदानातून घेतलेले नऊच्या नऊ फटके आणि दहाच्या दहा फ्री थ्रो यशस्वी केले होते. केंटकीचा सर्वोत्तम खेळाडू जमाल मॅशबर्न पाच फाउल होऊन बाहेर बसला होता आणि पेल्फ्री आणि फेल्डहाउस या दोघांची उंची लेटनरपेक्षा चार-चार इंचांनी कमी होती. त्यातच फाउल करू नका, अशी ताकीद प्रशिक्षकांनी दिलेली होती, कारण फ्री थ्रो न चुकवणाऱ्या माणसाला फाउल करणे म्हणजे सामना हाती देण्यासारखेच होते.

या हिशेबातली खरी अडचण घड्याळाच्या नियमात आहे. बाहेरून टाकलेल्या चेंडूला मैदानातल्या खेळाडूचा स्पर्श होईपर्यंत घड्याळ सुरू होत नाही. त्यामुळे २३ मीटरच्या प्रवासात ड्यूकचा एक क्षणही खर्च झाला नाही आणि लेटनरला चेंडू मिळाल्यानंतर पूर्ण २.१ सेकंद मिळाले. डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीला हाताने प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो, म्हणजे सरावलेल्या खेळाडूसाठी दोन सेकंद हा ऐसपैस वेळ आहे. हूल, एक ड्रिबल, वळण आणि उडी एवढे सगळे त्यात बसते, हे लेटनरने दाखवलेच.

आता त्याच मोसमातली आणखी एक घटना पाहा. फेब्रुवारीत वेक फॉरेस्ट विद्यापीठाविरुद्ध ड्यूकने अखेरच्या क्षणी हीच चाल खेळली होती. पास हिलनेच टाकला, घ्यायचाही लेटनरनेच होता. पण चेंडू हवेत वळला, तो पकडताना लेटनरचा पाय सीमारेषेबाहेर गेला आणि ड्यूक हरला. फिलाडेल्फियात हिलचा चेंडू तसाच वळला असता, तर हिलला मोकळे सोडून लेटनरभोवती दोघांना लावण्याचा निर्णय आज दूरदृष्टीचा नमुना म्हणून सांगितला गेला असता. निर्णय तोच राहिला असता. बदलला असता तो फक्त निकाल.

निकालाचा हा पगडा जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ मध्ये प्रयोगांतून दाखवला. त्यांनी लोकांना वैद्यकीय निर्णयांचे प्रसंग वाचायला दिले. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेचा निर्णय, त्यामागची माहिती आणि धोक्याचे प्रमाण सगळे सारखेच होते. फक्त काही वर्णनांत रुग्ण बरा झाला आणि काहींत दगावला. रुग्ण दगावल्याचे वाचलेल्यांनी डॉक्टरांच्या निर्णयाला कमी गुण दिले. निर्णय तोलताना निकालाकडे पाहू नये, असे मानणाऱ्या लोकांच्या गुणांतही हा फरक दिसला. याचा अर्थ, तत्त्व माहीत असणे आणि ते पाळता येणे या दोन गोष्टींत बरेच अंतर आहे.

पश्चातबुद्धीचा प्रयोग याहून जुना, आणि त्याची सामग्री आपल्या उपखंडातली आहे. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इस्रायलमधील विद्यार्थ्यांना १८१४ मध्ये सुरू झालेल्या इंग्रज–गुरखा युद्धाविषयी एक उतारा वाचायला दिला. काहींना शेवट सांगितला नाही. इतरांना चार संभाव्य शेवटांपैकी एक, कोणाला इंग्रजांचा विजय, कोणाला गुरख्यांचा, कोणाला बरोबरी, असा खरा म्हणून सांगितला. ज्याला जो शेवट सांगितला, त्याला तोच शेवट उताऱ्यावरून अधिक संभवनीय वाटला. शेवट माहीतच नाही असे समजून उत्तर द्या, असे बजावूनही हा परिणाम गेला नाही. सामना संपल्यावर ‘हे होणार हे मला तेव्हाच दिसत होते’ असे म्हणणारा चाहता खोटे बोलत नसतो. निकाल कळताच त्याच्या मनातले आधीचे चित्र निकालाला जुळेल असे बदललेले असते आणि त्या बदलाची त्याला जाणीव होत नाही.

७ एप्रिल २००८ रोजी सॅन अँटोनिओत झालेला कॅन्सस–मेम्फिस हा राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना या दृष्टीने आणखी बोलका आहे. दोन मिनिटे आणि बारा सेकंद उरले असताना मेम्फिस ६०–५१ असा पुढे होता. त्यानंतर कॅन्ससने अंतर कमी करत आणले आणि मेम्फिसने अखेरच्या मिनिटाभरात एकामागून एक फ्री थ्रो चुकवले. सुमारे अकरा सेकंद उरले असताना मेम्फिसच्या डेरिक रोझने दोनांपैकी एक फ्री थ्रो साधला आणि गुण ६३–६० झाले. कॅन्ससच्या शेरॉन कॉलिन्सने चेंडू पुढे आणला, तोल जाता जाता तो मारिओ चाल्मर्सकडे सोपवला आणि चाल्मर्सने तीन गुणांच्या रेषेमागून बरोबरी साधली. घड्याळात उरले होते २.१ सेकंद. जादा वेळेत कॅन्ससने ७५–६८ अशी बाजी मारली.

मेम्फिसचे तेव्हाचे प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांच्यावर तेव्हापासून आरोप आहे की, तीन गुणांची आघाडी असताना मुद्दाम फाउल करून कॅन्ससला दोन फ्री थ्रोवर का रोखले नाही. फाउल करण्याचाच बेत होता, असे कॅलिपारी यांनी सामन्यानंतर सांगितले. रोझ आणि कॉलिन्स यांचे अंगाला अंग लागलेले चित्रफितीत दिसते, पण पंचांची शिट्टी वाजली नाही. आदेश आणि अंमलबजावणी यांतला हा फरक वादात बहुधा हरवतो आणि सगळा दोष प्रशिक्षकाच्या नावावर जमा होतो.

पण फाउल हाच निर्विवाद बरोबर पर्याय होता का? साधे गणित मांडून पाहू. त्यातले आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत. घाईत घेतलेला तीन गुणांचा फटका दहापैकी तीन वेळा बसतो आणि जादा वेळेत दोन्ही संघांना समान संधी असते असे मानले, तर फाउल न करता हरण्याची शक्यता १५ टक्के येते. आता फाउल केला आणि तीन-चार सेकंदच उरले असले, तर आक्रमणाला पहिला फ्री थ्रो साधून, दुसरा मुद्दाम चुकवून, रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) पकडून पुन्हा गुण करावा लागतो. यांच्या शक्यता अनुक्रमे ७०, १५ आणि ५० टक्के धरल्या, तर बरोबरीचीच शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास उरते. इथवर फाउल सरस ठरतो.

आठ-नऊ सेकंद उरले असताना मात्र चित्र पालटते. तेवढ्या वेळात कॅन्ससने दोन्ही फ्री थ्रो साधून लगेच मेम्फिसला फाउल केला असता आणि पाळी पुन्हा मेम्फिसच्या फ्री थ्रोवर आली असती. त्या मोसमात मेम्फिसचे फ्री थ्रोचे प्रमाण सुमारे ६१ टक्के होते. संघाची सरासरी धरली, तर दोनपैकी किमान एक चुकण्याची शक्यता ६३ टक्के भरते. रोझसारख्या बऱ्या नेमबाजाला चेंडू दिला तर ती कमी होते, तरीही ती उपेक्षणीय राहत नाही. म्हणून ‘मेम्फिसला फ्री थ्रो जमत नव्हते’ आणि ‘मेम्फिसने फाउल करायला हवा होता’ ही एकाच तोंडून येणारी दोन विधाने परस्परांना ओढून धरतात. फ्री थ्रो न जमणाऱ्या संघाने सामना फ्री थ्रोंच्या अदलाबदलीवर नेणे हा स्वतःच एक जुगार आहे. माझ्या मते चार सेकंदांखाली फाउल करावा. नऊ सेकंदांना प्रश्न खुला आहे, आणि खुल्या प्रश्नावर ‘चूक’ असा शिक्का मारता येत नाही.

दोन्ही प्रसंगांत रोष ‘काही केले नाही’ यावर आहे, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. एरवी कृती करून बिघडले तर माणसाला अधिक हळहळ वाटते. मात्र नेदरलँड्समधील संशोधकांनी २००२ मध्ये फुटबॉल प्रशिक्षकांचे काल्पनिक प्रसंग देऊन दाखवले की, आधी वाईट घडलेले असेल तर हे उलटते आणि स्वस्थ बसणाऱ्या प्रशिक्षकाला अधिक पश्चात्ताप होईल असे लोक मानतात. नऊ गुणांची आघाडी वितळत असताना काहीतरी केलेच पाहिजे, ही भावना प्रेक्षागृहात तयार होते आणि ते ‘काहीतरी’ उपयोगाचे आहे का, हा प्रश्न मागे पडतो.

याखेरीज बचाव डोळ्यांना नीट दिसतच नाही, ही मूळ अडचण आहे. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांचा १९९९ चा प्रसिद्ध प्रयोग बास्केटबॉलच्याच पासांवर बेतलेला होता: पांढऱ्या शर्टांच्या खेळाडूंचे पास मोजायला सांगितलेल्या प्रेक्षकांपैकी जवळजवळ निम्म्यांना खेळाडूंमधून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातला माणूस दिसला नाही. सामना पाहताना आपली नजर चेंडूला अशीच बांधलेली असते. समजा, आक्रमणातील उंच खेळाडू भिंतीसारखा उभा राहून आपल्या साथीदाराच्या बचावपटूला अडवतो आणि मग स्वतः बास्केटकडे धावतो. अशा वेळी पलीकडच्या कोपऱ्यातल्या बचावपटूने दोन पावले आत येऊन त्या धावणाऱ्याला क्षणभर रोखायचे असते. तो अर्धे पाऊल उशिरा आला, की सोपे दोन गुण जातात. पण प्रेक्षकाला दिसतो तो चेंडूजवळचा, मागे पडलेला बचावपटू, आणि शिव्याही त्यालाच बसतात. कोपऱ्यातल्या खेळाडूला हाक मारायची जबाबदारी कोणाची होती, हे तर चित्रफितीतही ऐकू येत नाही.

चित्रफीत पुन्हा पाहिल्याने वाद मिटतो, हीसुद्धा भाबडी आशा आहे. नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ यांच्यात अमेरिकी फुटबॉलचा एक हाणामारीचा सामना झाला होता. त्याचीच फिल्म अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कॅन्ट्रिल यांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे जेवढे नियमभंग दिसले, त्याच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसले.

आकडेवारीच्या आधारेही सावधपणेच बोलावे लागते. महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या आकडेवारीतले जाणकार केन पॉमरॉय मुळात हवामानशास्त्रज्ञ आहेत, त्यामुळे अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक त्यांच्या अंगवळणी आहे. त्यांनी दाखवून दिले की, प्रतिस्पर्ध्यांचे तीन गुणांचे किती फटके बसतात यावर बचावाचा ताबा फारच थोडा असतो. प्रतिस्पर्धी असे किती फटके घेतात, यावर मात्र तो बराच असतो. तेव्हा प्रतिस्पर्ध्याचे फटके एका रात्री धडाधड बसले म्हणून बचाव ढिसाळ होता असे ठरत नाही. तसे ठरवायचे तर ते फटके मोकळ्या जागेतून किती घेतले गेले, हे मोजावे लागते.

पश्चातबुद्धीवर एक उपाय फिशहॉफ यांनी पॉल स्लोव्हिक यांच्यासह १९७७ मध्ये सुचवला: जो निकाल लागला नाही, तो कसा लागू शकला असता याची कारणे मांडून पाहायची. तसे केल्यावर लागलेला निकाल अटळ वाटणे कमी होते. फिलाडेल्फियाला हा उपाय लावून पाहिला, तर हिलसमोर उंच खेळाडू उभा असतानाही ड्यूक जिंकण्याची वाट दिसते: मधल्या रेषेपर्यंतचा छोटा पास, लगेच टाइमआउट आणि मैदानाच्या मध्यापासून नवी चाल, तीही लेटनरवर एकच बचावपटू असताना. त्यामुळे हिलला मोकळे सोडणे हा मला समर्थनीय निर्णय वाटतो. फाउल टाळण्याच्या ताकिदीविषयी मात्र माझे मत तितके मऊ नाही. ती ताकीद स्वतःत बरोबर होती, पण ‘फाउल नको’ याच्या जोडीला ‘तो वळेल तेव्हा कोणी कुठे उभे राहायचे’ हे ठरलेले असायला हवे होते. चेंडू झेलल्यानंतर लेटनरने आधी उजवीकडे हूल दिली आणि मग डावीकडे वळला. त्या वळणाच्या वाटेत, हात वर करून, अंगाला न लागता उभे राहायला एक माणूस पुरेसा होता, आणि तिथे केंटकीचे दोन होते.