क्वाला कांगसार

क्वाला कांगसार : मलेशियातील पेराक राज्याचे राजनगर. कांगसार ही लहान नदी पेराक नदीला जिथे मिळते तिथे ते वसले आहे; मलय भाषेत ‘क्वाला’ म्हणजे नदीचे मुख किंवा संगम. नावाची दुसरी एक व्युत्पत्ती गावात सांगतात. मोठ्या नदीला इथवर शंभराला एक कमी इतके ओहोळ मिळतात आणि ‘कुरांग सा’ (एक कमी) या शब्दांवरून कांगसार झाले, असे म्हणतात. ते ओहोळ मोजल्याचे मात्र कोणी सांगत नाही. राज्याचा कारभार चालतो इपोहहून. सुलतानाची गादी इथे आहे. गावाचा स्वभाव या विभागणीतून घडला आहे.

पेराकचे राजघराणे आपला वंश मलाक्काच्या सुलतानांपर्यंत नेते. मात्र या घराण्याची गादी पूर्वी एका गावाला बांधलेली नव्हती. नवा सुलतान नदीकाठची आपल्या पसंतीची जागा निवडी, म्हणून जुन्या सुलतानांच्या कबरी पेराक नदीच्या काठाने विखुरलेल्या आढळतात. ही प्रथा ब्रिटिश आल्यावर मोडली. २० जानेवारी १८७४ च्या पांगकोर कराराने पेराकमध्ये रेसिडेंट, म्हणजे सुलतानाला सल्ला देणारा ब्रिटिश अधिकारी, आला. पहिला रेसिडेंट जेम्स बर्च याची २ नोव्हेंबर १८७५ रोजी नदीच्या खालच्या अंगाला पासिर सालाक येथे हत्या झाली. त्या प्रकरणात महाराजा लेला या सरदाराला फाशी झाली आणि सुलतान अब्दुल्ला यांना सेशेल्स बेटांवर धाडण्यात आले. त्यानंतर १८७७ मध्ये रेसिडेंट म्हणून आलेल्या ह्यू लोने क्वाला कांगसारला मुक्काम ठोकला. १८७९ मध्ये इझाबेला बर्ड ही प्रवासी बाई त्याच्या बंगल्यावर उतरली, तेव्हा लो बाहेरगावी होता. जेवणाच्या मेजावर तिच्या पंगतीला होते दोन पाळीव वानर.

लोचे नाव गावात राहिले ते एका झाडामुळे. ब्राझीलच्या रबराच्या बियांपासून लंडनच्या क्यू उद्यानात तयार झालेली २२ रोपे १८७७ मध्ये सिंगापूरला पोहोचली. त्यांतली ९ क्वाला कांगसारला लावली गेली. तेव्हा हे झाड म्हणजे एक कुतूहल होते. पुढे मोटारीच्या चाकांनी त्याला भाव आणला. जिल्हा कार्यालयाशेजारी त्या पहिल्या रोपांपैकी मानले जाणारे एक झाड कुंपण घालून जपले आहे. रबराच्या मळ्यांवर राबायला तमिळ मजूर आले, कथलाच्या खाणी आणि व्यापार यांमागे चिनी आले, आणि आजूबाजूची वस्ती कायमची बदलली. याच जिल्ह्यातील सुंगाई सिपुत येथे १६ जून १९४८ रोजी कम्युनिस्ट बंडखोरांनी युरोपीय मळेवाल्यांचे खून पाडले व मलायात (आजच्या द्वीपकल्पीय मलेशियात) आणीबाणी जाहीर झाली.

इतिहासाच्या दृष्टीने गावाचा मोठा दिवस जुलै १८९७ मधला. पेराक, सलांगोर, नगरी संबिलान आणि पाहांग या चार संस्थानांचा ब्रिटिशांनी आदल्या वर्षी संघ केला होता. त्यांचे राज्यकर्ते इथे प्रथम एकत्र बसले. या बैठकीला नाव दिले ‘दरबार’. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांना हाताळून सरावलेल्या साहेबाने शब्द आणि थाट दोन्ही इकडे आणले. यजमान होते पेराकचे सुलतान इद्रिस. १९०३ मध्ये क्वालालंपूरला दुसरा दरबार भरला, तेव्हा सगळी सत्ता संघाच्या कचेरीत गोळा होत असल्याबद्दल याच इद्रिसनी उघड नापसंती बोलून दाखवली. आजच्या मलेशियातील राज्यकर्त्यांच्या परिषदेचे मूळ या दरबारांत शोधतात.

गावाबाहेरच्या बुकित चंदान या टेकडीवर राजवाडे आहेत. इस्ताना इस्कंदरिया हा सध्याचा राजवाडा १९३३ मध्ये पुरा झाला. (‘इस्ताना’ म्हणजे राजवाडा, शब्दातले ‘स्थान’ मराठी कानाला लगेच ओळखू येते.) तो बांधून होईपर्यंत सुलतान इस्कंदर शाह ज्या लाकडी वाड्यात राहिले, तो इस्ताना कनांगान खरे तर अधिक पाहण्यासारखा. १९२६ मध्ये आराखडा न काढता आणि एकही खिळा न ठोकता तो उभारला, असे सांगतात. भिंती विणलेल्या बांबूच्या, त्यांवर पिवळ्या, काळ्या आणि पांढऱ्या चौकटींची नक्षी. पुढे त्यात राजघराण्याचे संग्रहालय केले.

टेकडीवरचीच उबुदिया मशीद दुरून दिसते ती सोनेरी घुमटामुळे. आजारातून उठलो तर मशीद बांधीन, असा सुलतान इद्रिस यांचा नवस होता. १९१३ मध्ये पायाभरणी झाली. आराखडा आर्थर बेनिसन हबक या वास्तुकाराचा. इटलीहून आणलेल्या संगमरवरी फरशा सुलतानाच्या आणि राजघराण्यातील राजा चुलान यांच्या हत्तींनी झुंजताना तुडवल्या, त्या पुन्हा मागवाव्या लागल्या, त्यात महायुद्ध पेटले. मशीद १९१७ मध्ये पुरी झाली, पण इद्रिस आदल्याच वर्षी वारले होते. शेजारीच राजघराण्याचे दफनस्थान आहे.

राज्याभिषेकाला आणि राजघराण्यातल्या मंगल वा दुःखाच्या प्रसंगी ‘नोबात’ वाजतो. आपल्याकडची नौबत ती हीच, फारसीच्या वाटेने तिकडे गेलेली. त्यातला ‘सरुनाई’ हाही आपल्या सनईचा भाऊबंद. वाजवण्याचा मान वंशपरंपरेने चालत आलेल्या वादकांचा.

२ जानेवारी १९०५ रोजी इथे सुरू झालेले मलय कॉलेज हे निवासी विद्यालय सरदार-दरकदारांच्या मुलांना सरकारी नोकरीसाठी तयार करण्याकरिता होते. ‘पूर्वेचे ईटन’ हे त्याचे बिरुद त्या काळाला शोभणारे. पुढे दारे सामान्य घरांतील मुलांना उघडली. पंतप्रधान झालेले अब्दुल रझाक आणि अन्वर इब्राहिम दोघेही इथले विद्यार्थी. कादंबरीकार अँथनी बर्जेस १९५० च्या दशकात इथे शिकवीत होते. विद्यार्थ्यांना बोलीत ‘बुदाक कोलेक’, म्हणजे कॉलेजची पोरे, म्हणतात. रग्बी हा त्यांचा अभिमानाचा विषय.

राजवाड्याखेरीजचे गाव नदीच्या दोन काठांवर आहे. या काठाला बाजारपेठ : चिनी दुकानघरे, कॉफीची जुनी हॉटेले, नदीलगत लाक्साच्या टपऱ्या. लाक्सा म्हणजे माशाच्या आंबट रश्श्यातल्या शेवया. इथला रस्सा पेनांगच्या मानाने पातळ आणि सौम्य असतो. पलीकडे सायोंग, मलय कुटुंबांचे कांपोंग, म्हणजे वाड्या. तिथे ‘लाबू सायोंग’ घडतो : भोपळ्याच्या आकाराची, लांब मानेची, काळीभोर सुरई. हे काम परंपरेने बायकांचे. भाजून लाल झालेले भांडे गरम असतानाच भाताच्या तुसात पुरतात. धूर मातीत मुरतो आणि काळा रंग येतो. त्यातले पाणी गार राहते, औषधी असते असेही मानतात. आता पुष्कळसे लाबू साच्यात ओततात, आणि त्यांतले बरेच पाणी न पाहताच दिवाणखान्यात जाऊन बसतात. जरीच्या उठावदार भरतकामाची ‘तकात’ ही कलाही इथली. लग्नात वधूवरांच्या मंचकावरच्या उशांना आणि आच्छादनांना ती लागते, म्हणून तिला गिऱ्हाईक टिकून आहे.