नमुनाच खोटा असेल तर?

25 एप्रिल 1983 रोजी हॅम्बुर्गच्या ‘श्टर्न’ साप्ताहिकाने पत्रकार परिषदेत जाहीर केलं, की हिटलरच्या रोजनिश्या हाती लागल्या आहेत. साठेक वह्यांसाठी सुमारे 93 लाख मार्क मोजले गेले होते. हस्ताक्षरतज्ज्ञांची मतंही आधीच घेतली होती. वह्यांतलं आणि हिटलरचे म्हणून दिलेल्या नमुन्यांतलं अक्षर एकाच माणसाचं आहे, असा निर्वाळा अमेरिका आणि स्वित्झर्लंडच्या नावाजलेल्या तज्ज्ञांनी दिला होता.

अक्षर जुळत होतं, कारण तुलनेसाठी दिलेल्या ‘अस्सल’ नमुन्यांमध्येही कोनराड कुयाऊ या बनावट कागद करणाऱ्यानेच लिहिलेले कागद मिसळलेले होते. वह्या लिहिणाराही तोच. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा धडा हाच आहे. भिंग कितीही चांगलं असो, ताडून पाहायचा नमुना कुठून आला हे आधी विचारायला हवं. आपल्या 1872 च्या पुरावा कायद्यातल्या कलम 73 मध्येही तुलनेची सही न्यायालयाची खात्री पटेल अशा रीतीने कबूल किंवा सिद्ध झालेली असावी लागे.

शेवटी बिंग फोडलं ते कागदाने. वह्या जुनाट दिसाव्यात म्हणून कुयाऊने पानांवर चहा ओतला होता. डोळ्यांना तेवढं पुरतं. पण अतिनील दिव्याखाली ती पानं निळसर चमकली. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून लगद्यात जी द्रव्यं मिसळतात, ती न दिसणारे अतिनील किरण शोषतात आणि निळसर उजेड बाहेर टाकतात. कपडे धुण्याच्या पावडरीतही याच जातीची द्रव्यं असतात. कागद उद्योगात ती साधारण 1950 नंतर रुळली आणि हिटलर तर 1945 मध्येच मेला होता. वह्यांच्या धाग्यांमध्येही युद्धानंतरचं पॉलिएस्टर सापडलं. मजकुरात तर 1962 साली छापलेल्या हिटलरच्या भाषणांच्या संग्रहातल्या चुका जशाच्या तशा उतरल्या होत्या! 6 मे रोजी जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराने वह्या बनावट असल्याचं जाहीर केलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. काळाशी विसंगत असा एकच धागा वस्तू खोटी ठरवायला पुरतो, मात्र तसा धागा सापडला नाही म्हणून ती खरी ठरत नाही. जुन्या पुस्तकातलं कोरं पान फाडून त्यावर आज कुणीही लिहू शकतो. त्या कागदाची चाचणी निर्दोषच येईल. म्हणून तपासनीस कागदावर थांबत नाहीत. शाई, बांधणी, मजकूर आणि मुख्य म्हणजे ती वस्तू इतकी वर्षं कुणाकुणाच्या ताब्यात होती, हे सगळं पाहतात. ‘श्टर्न’ला वह्या आणून देणारा त्यांचाच वार्ताहर गेर्ड हाइडेमान होता. त्या नेमक्या कुठून आल्या, याची खातरजमा पैसे मोजण्याआधी कुणीच केली नाही.

1985 मध्ये हॅम्बुर्गच्या न्यायालयाने कुयाऊ आणि हाइडेमान या दोघांनाही फसवणुकीबद्दल साडेचार वर्षांच्या आसपास तुरुंगवास ठोठावला.