वेबपानांची फाइलनावे (डीटीपी)

डीटीपी (डेस्कटॉप पब्लिशिंग, म्हणजे संगणकावर छपाईसाठी पानांची मांडणी) सॉफ्टवेअरमध्ये मांडलेल्या मजकुराची वेबसाइट काढताना साधारणपणे प्रत्येक पानाची एक एचटीएमएल फाइल, म्हणजे ब्राउझरला वाचता येणारी फाइल, तयार होते. तिचे नाव सॉफ्टवेअरवर न सोडता मांडणी करणाऱ्याने स्वतः ठरवणे म्हणजे फाइलनाव-नियंत्रण. छापील कामात पानाला क्रमांक पुरतो. वेबवर फाइलचे नाव हाच पानाच्या पत्त्याचा शेवटचा तुकडा असतो. ते बदलले की पत्ता बदलतो आणि जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला ‘४०४, पान सापडले नाही’ एवढेच दिसते. या नोंदीतील फाइलनावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन छोट्या अक्षरांत लिहायची असतात.

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा रोजच्या व्यवहारात आहेत, त्यामुळे डीटीपीचे कामही बऱ्याचदा एकाहून अधिक लिप्यांत करावे लागते. चादर आणि टॉवेलचे कॅटलॉग, सिद्धेश्वर यात्रेच्या म्हणजे गड्ड्याच्या दिवसांतली पत्रके, आषाढी-कार्तिकीला पंढरपूरला निघणाऱ्यांसाठी माहितीपत्रके ही अशा कामाची नेहमीची उदाहरणे. छपाईसाठी केलेली तीच फाइल पुढे ‘वेबवर पण टाकून द्या’ म्हणून येते. नावांचा घोळ बहुतेकदा इथूनच सुरू होतो, कारण छपाईची फाइल करताना पानांच्या नावांचा विचार कोणी केलेलाच नसतो.

शीर्षक वेगळे, नाव वेगळे

पानाचे शीर्षक ब्राउझरच्या टॅबवर आणि गूगलच्या निकालात दिसते. ते मराठीत, मोकळ्या जागा आणि विरामचिन्हांसह लिहायला काहीच हरकत नाही. फाइलनाव हे सर्व्हरवरच्या डिस्कवरचे नाव. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये या दोन गोष्टी एकाच चौकटीत खाली-वर विचारल्या जातात. घाईत शीर्षकाचाच मजकूर नावाच्या रकान्यात चिकटवला जातो, किंवा तो रकाना ऐच्छिक म्हणून रिकामा सोडला जातो. रिकामा सोडला की सॉफ्टवेअर स्वतःचे क्रमांक घालते.

युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धती) येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये केलेल्या कामात आणखी एक अडचण येते. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘सोलापुरी चादर’ दिसत असले, तरी फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हांची रांग असते. वर्डसारखे सॉफ्टवेअर सेव्ह करताना पहिल्या ओळीवरून नाव सुचवते. ते न बघता स्वीकारले, तर फाइलचे नाव म्हणून तीच निरर्थक रांग उमटते. जुन्या कामात नाव नेहमी हाताने टाइप करावे.

मायक्रोसॉफ्ट पब्लिशर

या विषयातल्या बऱ्याच तक्रारी पब्लिशरच्या २००३ आणि २००७ या आवृत्त्यांशी जोडलेल्या आहेत. ‘पब्लिश टू द वेब’ दिले की मुखपृष्ठाची इंडेक्स.एचटीएम ही फाइल बाहेर राहते. बाकी सगळी पाने आणि चित्रे ‘इंडेक्स_फाइल्स’ नावाच्या फोल्डरात जातात, आणि पानांना ‘पेज’ या शब्दापुढे अंक लावलेली नावे मिळतात. टॉवेलच्या पानाचा पत्ता मग ‘इंडेक्स_फाइल्स/पेज५१२.एचटीएम’ असा काहीतरी होतो. तो फोनवर सांगता येत नाही की लेबलावर छापता येत नाही.

सुधारणा तीन ठिकाणी करावी लागते. ‘टूल्स’ मेन्यूतील ‘ऑप्शन्स’मध्ये ‘वेब’ हा टॅब आहे. तेथील ‘ऑर्गनाइझ सपोर्टिंग फाइल्स इन अ फोल्डर’ या चौकोनातली खूण काढली, की पाने आणि चित्रे इंडेक्स.एचटीएमच्या शेजारी, एकाच फोल्डरात येतात. त्यानंतर एकेक पान उघडून ‘वेब टूल्स’ पट्टीवरील ‘वेब पेज ऑप्शन्स’मध्ये जावे, वर पानाचे शीर्षक आणि खाली फाइलनावाचा ऐच्छिक रकाना दिसतो. चार पानांच्या कॅटलॉगला तिथे अनुक्रमे चादर, टॉवेल, संपर्क अशी रोमन नावे द्यावीत. एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी टिंबापुढे येणारा ‘एचटीएम’सारखा भाग) टाइप करू नये. मुखपृष्ठाचे नाव मात्र सर्वांत शेवटी, ‘पब्लिश टू द वेब’च्या सेव्ह चौकटीत ठरते. तिथे ‘इंडेक्स’ हेच ठेवावे.

निर्यात प्रत्येक वेळी रिकाम्या फोल्डरात करावी. नाव बदलून त्याच फोल्डरात पुन्हा निर्यात केली तर नवी फाइल तयार होते, पण जुनी तिथेच पडून राहते. अपलोड करताना दोन्ही सर्व्हरवर जातात, आणि पुढे वर्षभर जुन्या दराचे पान कोणाला तरी सापडत राहते. ‘एनेबल इन्क्रिमेंटल पब्लिश’ ही सोय फक्त बदललेल्या फाइली चढवण्यासाठी आहे. नावांची फेररचना केलेल्या दिवशी ती बंद ठेवून सगळी साइट एकदम चढवणे बरे.

पानांतले दुवे ‘प्लेस इन धिस डॉक्युमेंट’ निवडून दिले असतील तर नाव बदलल्यावर पब्लिशर ते आपोआप दुरुस्त करतो. पत्ता हाताने टाइप केला असेल तर तो जुनाच राहतो. त्याहून वाईट म्हणजे संगणकावरची फाइल शोधून दिलेला दुवा. त्यात थेट ‘सी’ ड्राइव्हचा मार्ग उतरतो. मग दुकानातल्या संगणकावर साइट उत्तम चालते, आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर तोच दुवा मेलेला असतो.

पब्लिशर २०१० पासून नवी वेबसाइट तयार करण्याची सोय काढून टाकण्यात आली. आधीची वेब-फाइल उघडून संपादित करण्यापुरतीच ती उरली. ऑक्टोबर २०२६ नंतर पब्लिशरला आधार मिळणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. पब्लिशरमध्ये केलेली साइट अजून चालू असेल तर तिच्या पानांच्या नावांची यादी आताच कागदावर उतरवून ठेवावी. पुढचे सॉफ्टवेअर कोणतेही असले, तरी पत्ते तेच ठेवायचे असतात.

इतर सॉफ्टवेअर

पेजमेकरच्या ६.५ आणि ७.० या आवृत्त्यांत एचटीएमएल निर्यातीवेळी कोणती पाने कोणत्या एचटीएमएल दस्तऐवजात जायची ते नेमून देता येते. छापील आठ पानांची मिळून एकच वेब-फाइल करायची की आठ वेगळ्या, हा निर्णय तिथे होतो. क्वार्कएक्सप्रेसच्या ५ आणि ६ या आवृत्त्यांत वेब-दस्तऐवजाच्या ‘पेज प्रॉपर्टीज’मध्ये शीर्षक आणि निर्यातीचे फाइलनाव असे दोन स्वतंत्र रकाने आहेत. ही मांडणी सगळ्यात स्वच्छ म्हणावी लागेल.

कोरलड्रॉच्या एचटीएमएल निर्यात चौकटीत ‘डीटेल्स’ हा टॅब उघडून पानाचे नाव आणि फाइलनाव दोन्ही बदलता येतात. चित्रांची नावे ‘इमेजेस’ टॅबमध्ये दिसतात. बहुतेक ऑपरेटर पहिल्याच टॅबवर ‘ओके’ देऊन मोकळे होतात, म्हणून ही सोय असल्याचे अनेकांना ठाऊक नसते.

इनडिझाइनचा हिशेब वेगळा आहे. त्याच्या जुन्या एचटीएमएल निर्यातीत पानागणिक फाइल होत नाही, पूर्ण दस्तऐवजाची एकच होते. तिचे नाव सेव्ह करताना द्यायचे असते, आणि त्याच नावापुढे ‘-वेब-रिसोर्सेस’ जोडलेले फोल्डर शेजारी तयार होते. चार वेगळ्या नावांची पाने हवी असतील तर चार वेगळे दस्तऐवज करावे लागतात. फोल्डर चढवायचे विसरले की मजकूर दिसतो, पण मांडणी आणि चित्रे जातात.

वर्डमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज वेब पेज’ केल्यावर चित्रांना ‘इमेज००१’, ‘इमेज००२’ अशी नावे मिळतात. मध्ये एखादे चित्र घातले की पुढचे क्रमांक सरकतात. त्यामुळे या चित्रांना बाहेरून थेट दुवा देऊ नये. लिबरऑफिस इम्प्रेस तर पानांनाच ‘आयएमजी०’, ‘आयएमजी१’ असे क्रमांक देते. तिथे नावे निर्यातीनंतर बदलावी लागतात आणि सगळ्या फाइलींतले दुवेही ‘फाइंड-रिप्लेस’ने बदलावे लागतात.

नाव कसे असावे

रोमन छोटी अक्षरे, अंक आणि हायफन एवढ्यावर भागवावे. विंडोज छोट्या-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, पण बहुतेक वेब-सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि लिनक्स तो करते. पहिले अक्षर मोठे असलेले ‘चादर.एचटीएम’ आणि सगळी छोटी असलेले ‘चादर.एचटीएम’ या तिथे दोन वेगळ्या फाइली. ‘माझ्याकडे चालते, साइटवर चालत नाही’ या तक्रारीमागे फार वेळा हेच कारण निघते. चित्रांनाही हा नियम लागू आहे. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोचे एक्स्टेन्शन मोठ्या अक्षरांत असते आणि तेवढ्यासाठी चित्र दिसत नाही.

मोकळी जागा पत्त्यात टक्का-वीस अशी उमटते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता पाठवला तर दुवा त्या जागेपाशीच तुटतो. हॅशच्या चिन्हापुढचा भाग ब्राउझर पानातली खूण समजतो. प्रश्नचिन्ह विंडोज नावात घेतच नाही, तसेच तारका, विसर्गासारखा कोलन, उभी रेघ, अवतरण आणि कोनी कंसही घेत नाही. ‘कॉन’, ‘पीआरएन’, ‘ऑक्स’ आणि ‘नल’ ही नावे विंडोजने डॉसच्या काळापासून राखून ठेवली आहेत. अंडरस्कोर चालतो, पण अधोरेखित दुव्यात तो दिसेनासा होतो, हायफन बरा.

रोमन स्पेलिंगचा प्रश्न सोलापुरात जरा जास्तच येतो. गावाचेच नाव इंग्रजी आमदनीतल्या कागदांत ‘शोलापूर’ असे लिहिलेले आढळते. चादरीत ‘डी’ एक की दोन, गड्ड्यात शेवटी ‘एच’ आहे की नाही, शेंगाचटणीत ‘चटणी’ मराठी वळणाची की इंग्रजी ‘चटनी’, यावर एकाच दुकानातल्या दोन ऑपरेटरांचे एकमत नसते. कोणते बरोबर हे ठरवत बसण्यापेक्षा एक निवडून भिंतीवर यादी लावणे उपयोगाचे. चार भाषांची पाने असतील तर मूळ नाव एकच ठेवून पुढे हायफन आणि दोन अक्षरी भाषासंकेत लावावा: मराठीला ‘एमआर’, कन्नडला ‘केएन’, तेलुगूला ‘टीई’, उर्दूला ‘यूआर’. यादीत एकाच मालाची चारही पाने मग शेजारी-शेजारी येतात.

मुखपृष्ठाच्या बाबतीत एक्स्टेन्शनही पाहावे लागते. पब्लिशर तीन अक्षरी ‘एचटीएम’ देतो. अपाचे हे सर्व्हरचे सॉफ्टवेअर मूळ मांडणीत इंडेक्स.एचटीएमएल शोधतो, तीन अक्षरी नाव अनेक ठिकाणी यादीत जोडलेले असते, पण सगळीकडे नाही. होस्टिंग देणाऱ्याने आधीच ‘काम चालू आहे’ असे इंडेक्स.एचटीएमएल ठेवले असेल, तर आपले पान चढवूनही तेच दिसत राहते. आधीची फाइल काढावी, मग तपासावे.

देवनागरी नावे

देवनागरी फाइलनाव तांत्रिकदृष्ट्या चालते. पण यूटीएफ-८मध्ये (युनिकोड मजकूर साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) प्रत्येक देवनागरी चिन्ह ३ बाइट घेते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अंक-अक्षरे असा उमटतो. ‘सोलापूर’ या शब्दात ७ चिन्हे, म्हणजे २१ बाइट, म्हणजे पत्त्यात ६३ अक्षरे. रोमनमध्ये हेच काम ७ अक्षरांत होते. क्यूआर कोडमध्ये अक्षरे वाढली की चौकोन बारीक होतात, आणि चादरीच्या कापडी लेबलावर छापलेला कोड मग मोबाइल सहज वाचत नाही. लिनक्सवर नावाची मर्यादा साधारण २५५ बाइट असते, म्हणजे देवनागरीत फार तर ८५ चिन्हे.

याहून छुपा दोष मराठीचा खास आहे. ‘वारकऱ्यांसाठी’ या शब्दातला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, सर्व्हरला मात्र ती दोन वेगळी नावे असतात. दुवा एका कीबोर्डवर आणि फाइलनाव दुसऱ्यावर टाइप झाले की पान सापडत नाही, आणि डोळ्यांनी कितीही ताडून पाहिले तरी चूक दिसत नाही. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवर ‘ऱ’चे ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असे दोन तुकडे होत असत, त्यामुळे तिथून चढवलेल्या फाइलीतही हाच प्रकार व्हायचा. मराठी शीर्षकात असावे, नावात नको.

नाव बदलावेच लागले तर

बदल सॉफ्टवेअरमध्ये करावा, सर्व्हरवर नाही. सर्व्हरवर हाताने बदललेले नाव पुढच्या निर्यातीत परत जुने होते. जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेण्यासाठी अपाचेवर ‘डॉट-एचटीअ‍ॅक्सेस’ फाइलीत प्रत्येक पानासाठी एक ओळ पुरते: रीडायरेक्ट, ३०१ (पान कायमचे हलले असा संकेत), जुना मार्ग, नवा पूर्ण पत्ता. ती सोय नसलेल्या होस्टिंगवर जुन्या नावाची छोटी फाइल ठेवून तिच्यात शून्य सेकंदांचा मेटा-रिफ्रेश (दुसऱ्या पानावर आपोआप नेणारी सूचना) द्यावा. दरवर्षी येणाऱ्या गोष्टींसाठी, उदाहरणार्थ गड्ड्याच्या पानासाठी, नावात वर्ष न घालता ‘गड्डा-यात्रा’ हेच कायम ठेवावे आणि सरलेल्या वर्षाचा मजकूर ‘गड्डा-यात्रा-२०२५’ अशा नावाने बाजूला काढावा.

छापलेल्या लेबलावर, कॅरीबॅगवर किंवा कॅटलॉगवर गेलेला पत्ता मागे घेता येत नाही. माल गोदामात असेपर्यंत, आणि विकल्यानंतरही, तो पत्ता कोणी ना कोणी स्कॅन करतच असते. अशा पानाची ३०१ची ओळ साइट बंद होईपर्यंत काढू नये.