पुलाचं दुखणं पाण्याखाली असतं

ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी पुणे-बेंगळूर महामार्गावर चढलं आणि निपाणीपाशी वाहतूक ठप्प झाली. अशा वेळी आपण विचारतो, रस्ता कधी सुरू होणार? पुलाची काळजी वाहणाऱ्याला मात्र आधी पायथ्याशी काय झालंय ते बघायचं असतं.

पुराचं पाणी पिलरवर आदळतं. अडलेला प्रवाह पिलरला घासत खाली वळतो, तळाशी गिरक्या घेतो आणि पायाभोवतीची वाळू-माती उकरून नेतो. इंजिनिअर याला ‘स्कावर’, म्हणजे खरवड, म्हणतात. नदीत घोटाभर पाण्यात उभं राहिलं की टाचेखालची वाळू सरकते, तोच हा प्रकार. पण मोठ्या पुरात खड्डा काही मीटर खोल जातो. पूर उतरताना प्रवाह मंदावतो आणि त्याच खड्ड्यात भुसभुशीत गाळ आणून टाकतो. उन्हाळ्यात बघायला जावं तर तळ जागच्या जागी! त्या गाळात भार पेलायची ताकद नसते. म्हणून खोली शक्यतो पूर चालू असतानाच मोजायला हवी, दोराला वजन बांधून किंवा पाण्यात ध्वनिलहरी सोडून.

पाया किती खोल न्यायचा, याचा हिशेब आपल्याकडे अजूनही लेसी यांच्या सूत्रानं करतात. भारतातल्या कालव्यांचा अभ्यास करून त्यांनी ते 1930 च्या सुमारास मांडलं. पात्राच्या दर मीटर रुंदीतून किती पाणी जातं आणि तळातला कण किती बारीक आहे, यावरून खरवडीची सरासरी खोली निघते. पुराच्या सर्वोच्च पातळीपासून मोजून पिलरपाशी त्याच्या दुप्पट खोली धरतात आणि पाया त्याच्याही खाली नेतात. पुलाच्या दोन्ही अंगांना लांबच लांब मातीचा भराव घातला, तर शिवारात पसरणारं पाणी दोन पिलरांमधल्या थोड्या गाळ्यांतूनच काढावं लागतं. वेग वाढतो, खरवड वाढते आणि वरच्या बाजूच्या उसात पाणी तुंबतं. भरावाऐवजी पिलर द्या, असं नदीकाठचा शेतकरी म्हणतो तेव्हा त्यामागं जलशास्त्रच असतं. खर्च वाढतो हे खरं, तरी माझं मत त्याच्याच बाजूनं आहे.

आपल्या भागात बऱ्याच ठिकाणी वर काळी माती आणि खाली काळा पाषाण. खडक जवळ लागला तर पाया थेट त्यातच बसवतात. खोल असला तर विहीर उतरवतात. खालच्या कडेला पोलादी धार असलेलं काँक्रीटचं कडं पात्रात ठेवायचं, आतली माती उपसत जायचं, कडं स्वतःच्या वजनानं खाली जातं आणि वरून काँक्रीटची उंची वाढवत न्यायची. एका अंगाची माती जास्त निघाली की विहीर कलते. मग दुसऱ्या अंगानं उपसून ती सरळ करावी लागते. इतकं चिकाटीचं हे काम, पण पूल झाल्यावर ते कुणाच्याच दृष्टीला पडत नाही.

पुलाच्या वरच्या भागातल्या दुखण्यांचं मूळ बहुधा साचलेलं पाणी असतं. काँक्रीटचा 30 मीटरचा गर्डर, म्हणजे पिलरांवरची आडवी तुळई, 30 अंशांच्या फरकानं सुमारे 11 मिलिमीटर लांबतो. त्याला सरकता यावं म्हणून खाली रबर आणि पोलादी पत्र्यांच्या थरांचं बेअरिंग असतं, वर दोन गाळ्यांमध्ये जॉइंट. हंगामात ट्रॉल्यांतून पडलेलं पाचट आणि माती कठड्याकडेच्या पाणी काढायच्या भोकात घट्ट बसतं. पाणी जॉइंटमधून खाली झिरपतं, बेअरिंगशेजारी माती साठते आणि त्या ओलीत पिंपळ रुजतो. मुळं फट रुंदावतात. आतली सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. एक फावडं आणि दोन माणसं पावसाळ्याआधी फिरली तरी यातलं बरंच टळतं.

पूल खचतोय का, याचा अंदाज साध्या डोळ्यांनीही घेता येतो. पुलाच्या टोकाला उभं राहून कठड्याच्या वरच्या कडेवरून नजर लांबवर न्यावी. एखाद्या पिलरपाशी ती रेघ अचानक खाली वाकलेली दिसली, तर फोटो काढून त्याच दिवशी तहसीलदार कार्यालयाला किंवा पोलिसांना कळवावं.