द्रुतगती मार्गावर ‘१२० चालतं’? नाही चालत!

गेल्या रविवारी आमचे दाजी किवळ्याहून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला लागले. घाट उतरताना काटा ७८ वर होता. घरी पोचेपर्यंत मोबाईलवर ई-चलन हजर. “अरे, सरकारनेच १२० केलंय ना?” म्हणून ते चिडले. पुण्यात हे वाक्य कितीतरी वर्षं फिरतंय. त्याचाच हा खुलासा.

२०१८ मध्ये केंद्राने एक्स्प्रेसवेवर मोटारींची कमाल वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर केली, हे खरं आहे. पण ती कमाल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ प्रमाणे राज्य सरकार एखाद्या रस्त्यावर त्याहून कमी मर्यादा ठरवू शकतं, आणि मग त्या रस्त्यावर तीच लागू होते. मुंबई-पुणे मार्गावर मोटारींना सपाटीला १०० आणि बोरघाटात ६०. म्हणजे दाजींचे ७८ सपाटीवर नियमात बसले असते, घाटात नाही.

घाटातच एवढं कडक का? उतारावर भरलेले ट्रक खालच्या गिअरमध्ये रांगत असतात. सतत दाबून ब्रेक तापतात, कधी लागेनासेच होतात. वळणापलीकडे असा ट्रक असेल, तर १०० ने येणाऱ्याला थांबायला जागाच उरत नाही.

वेगासाठी कलम १८३ मध्ये हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये दंड आहे. रक्कम झोंबते, मला मान्य आहे. १०० वरून ६० वर येताना फलक आणखी मोठे आणि आधीपासून हवेत, ही वाहनचालकांची मागणीही मला रास्त वाटते. पण ‘१२० ची परवानगी आहे’ हा बचाव टिकत नाही.