मोलॅरिटी, मोलॅलिटी आणि ते 'एक लिटर पाणी'

'58.44 ग्रॅम सोडियम क्लोराइड घ्या, एक लिटर पाण्यात टाका, झालं वन मोलर.' हे वाक्य नोट्समध्ये, व्हिडिओत, उत्तरपत्रिकेत, जिकडेतिकडे दिसतं आणि दर वेळी माझी चिडचिड होते, कारण असं केलं तर वन मोलर होतच नाही, होतं ते जवळपास वन मोलल, आणि आपण नाव एकाचं घेऊन बनवलं भलतंच याचा लिहिणाऱ्याला पत्ताही नसतो.

मोलॅरिटी तुम्हाला येते, मोल भागिले लिटर (मोल म्हणजे पदार्थाच्या ठराविक संख्येच्या कणांचं माप, सोडियम क्लोराइडचा एक मोल 58.44 ग्रॅम भरतो), त्यावर वेळ घालवत नाही. मोलॅलिटी म्हणजे मोल भागिले किलो. इथवर सगळ्यांचं पाठ असतं आणि मग लिटरच्या जागी किलो आलं, एवढाच काय तो फरक असं धरून गाडी पुढे जाते. अहो पण लिटर कशाचे आणि किलो कशाचे? सगळा घोळ तिथेच आहे. मोलॅरिटीत खाली येतं ते अख्खं द्रावण, म्हणजे द्राव्य (जे विरघळतं ते) आणि द्रावक (ज्यात विरघळतं ते) मिळून जे तयार झालं त्याचं आकारमान. मोलॅलिटीत खाली फक्त द्रावक, द्राव्याचा एक ग्रॅमही त्यात धरायचा नाही.

सुक्रोज घेऊन बघा, रेणू जड असल्यामुळे फरक लगेच उघडा पडतो. एक मोल म्हणजे 342.3 ग्रॅम. ते 1 किलो पाण्यात विरघळवलं की 1 मोलल द्रावण तयार, आता भांडं किती भरलं याच्याशी मोलॅलिटीला काही देणंघेणं नाही. पण आकारमान मोजलंत तर ते भरतं साधारण 1.21 लिटर, कारण विरघळलं म्हणून सुक्रोज जागा व्यापायचं थोडंच थांबतं, म्हणजे मोलॅरिटी आली फक्त 0.82 च्या आसपास. खरंच 1 मोलर हवं असेल तर तेवढंच सुक्रोज आधी कमी पाण्यात विरघळवा, 1 लिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये (मानेवर अचूक 1 लिटरची खूण असलेल्या भांड्यात) ओता, आणि मग त्या मार्कपर्यंत पाणी भरा. पाणी एकूण किती लागलं ते मोजायचंच नाही. (आणि हे बीकरमध्ये करू नका प्लीज, बीकरवरच्या रेघा अंदाजापुरत्या असतात.)

मग ही चूक पकडली का जात नाही? कारण पातळ, पाण्यातल्या द्रावणात दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच येतात. 0.1 मोलर सोडियम क्लोराइड म्हणजे 0.1 मोललच धरा, एक लिटर द्रावणात पाणी जवळपास एक किलोच असतं. त्यावरून 'पातळ द्रावणात दोन्ही सेम' असा नियम करून टाकतात, तो मात्र साफ चूक. ही करामत पातळपणाची एकट्याची नाही, पाण्याची घनता 1 च्या जवळ आहे त्याची पण आहे. द्रावक इथेनॉल घ्या, घनता 0.789, की 0.1 मोलर द्रावण सुमारे 0.127 मोलल होतं, कितीही पातळ केलंत तरी ते प्रमाण तसंच राहणार.

दुसऱ्या टोकाला 98 टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिड. मोलॅरिटी साधारण 18.4, आणि मोलॅलिटी? 500 च्या घरात! एका लिटरमध्ये पाणी असतं जेमतेम 37 ग्रॅम, भागणार कशाने.

तापमानाचं काय ते एका दमात सांगतो. तापमान वाढलं की आकारमान वाढतं म्हणून मोलॅरिटी बदलते, वजन बदलत नाही म्हणून मोलॅलिटी तशीच राहते. बरोबर आहे, पण हाच मुख्य फरक असल्यासारखं सगळे लिहितात ते मला पटत नाही. 20 वरून 30 अंशांवर गेलं तर पाण्याची घनता 0.9982 वरून 0.9957 होते, म्हणजे पाव टक्का. गोठणबिंदू किंवा उत्कलनबिंदूच्या गणितात मात्र मोलॅलिटीच लागते, गोठणबिंदू किती उतरतो ते काढायचा पाण्याचा तो 1.86 हा स्थिरांक मोलॅलिटीलाच गुणायचा असतो, तिथे मोलॅरिटी घुसडू नका.

एकातून दुसरं काढायचं सूत्र पाठ करायला माझा विरोध आहे. एक लिटर द्रावण डोळ्यासमोर आणा आणि त्याचं वजन करा, बास. 37 टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, घनता 1.19, मोलॅरिटी 12.1. एका लिटरचं वजन 1190 ग्रॅम, त्यात अ‍ॅसिड 440 ग्रॅम, उरलं पाणी 750 ग्रॅम. 12.1 भागिले 0.75, मोलॅलिटी साधारण 16.1. ते 440 वजा करायला विसरलात तर 10.2 येतं, आणि हीच चूक सगळ्यात जास्त दिसते. पाण्यातल्या द्रावणात मोलॅलिटीचा आकडा सहसा मोलॅरिटीपेक्षा मोठाच असतो, त्यामुळे लहान आला की आधी वजाबाकी तपासा. आणि गणितात घनता दिलेलीच नसेल तर अर्धा तास डोकं खाजवत बसू नका, मोलॅरिटीवरून मोलॅलिटी तिच्याशिवाय निघत नाही.