सिंहगड उतरल्यावर मांड्या का आंबतात?

सोमवारी सकाळी आमच्या फिजिओथेरपी केंद्रात ठरलेला फोन येतो. "काल सिंहगड केला. आतकरवाडीतून चढताना दम लागला, पण पाय ठीक होते. आज मात्र जिना उतरवत नाही. आत काही फाटलंय का?" बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही नसतं. तरी "दोन दिवसांत बरं वाटेल" एवढंच सांगून फोन ठेवणं आम्हाला पटत नाही. दुखण्याचं कारण कळलं तर पुढच्या वेळी ते बऱ्यापैकी टाळता येतं, म्हणून हे माहितीपत्रक.

दोर, पेड, तंतू

हाडांना जोडलेले आणि आपल्या इच्छेने हलणारे असे ६०० हून अधिक स्नायू शरीरात आहेत. त्यांना अस्थिस्नायू म्हणतात. पुरुषांच्या वजनाचा साधारण ४० टक्के भाग त्यांचाच असतो, स्त्रियांमध्ये थोडा कमी. सगळ्यात मोठा स्नायू बैठकीचा, तर सगळ्यात छोटा कानाच्या आत, काही मिलिमीटरचा.

विहिरीचा जाड दोर उकलून पाहिलात तर आत पेड दिसतात आणि पेडांत तंतू. स्नायूची रचनाही अशीच असते. संपूर्ण स्नायूवर एक आवरण, आत तंतूंच्या जुड्या, प्रत्येक जुडीला पुन्हा स्वतःचं आवरण. ही आवरणं टोकाशी एकत्र येतात, त्यांची चिवट कंडरा बनते आणि ती हाडाला घट्ट धरते. यातला प्रत्येक तंतू म्हणजे एकच पेशी. जाडीला केसाएवढी किंवा त्याहून बारीक, पण लांबी कित्येकदा काही सेंटिमीटर.

या पेशीत आणखी बारीक धागे असतात आणि त्यांवर एकापुढे एक असे अतिसूक्ष्म कप्पे. एका मिलिमीटरमध्ये असे सुमारे ४०० ते ५०० कप्पे मावतात. प्रत्येक कप्प्यात अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू एकमेकांत शिरलेले असतात. मज्जातंतूकडून निरोप आला की पेशीत कॅल्शियम मोकळं होतं, मायोसिनची टोकं अ‍ॅक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुढे पुन्हा पकडतात. हे प्रथिनांचे तंतू स्वतः आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. १९५४ साली दोन स्वतंत्र गटांनी 'नेचर'च्या एकाच अंकात हे मांडलं. पकड सोडायलाही एटीपी नावाचं इंधन लागतं. मृत्यूनंतर ते संपतं, पकड सुटत नाही आणि शरीर ताठरतं.

स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही, हेही ध्यानात ठेवा. म्हणूनच कोपर वाकवायला दंडाच्या पुढचा स्नायू लागतो आणि सरळ करायला मागचा.

उतरण जास्त का छळते

घागर वर ओढताना हात दमतात, पण भरलेली घागर हळूहळू खाली सोडताना दोर तळव्यांतून सरकतो आणि हात सोलवटतात. मांडीचंही असंच होतं. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू लांबत असतो आणि लांबतानाच ब्रेकचं काम करतो, नाहीतर गुडघा दुमडून आपण कोसळलो असतो. अशा वेळी तेवढंच वजन पेलायला कमी तंतू कामाला लागतात, त्यामुळे प्रत्येकावर ताण जास्त पडतो. मायोसिनची पकड अक्षरशः खेचून तोडली जाते, काही कप्पे विस्कटतात. मग शरीर दुरुस्तीला लागतं, सूज येते आणि दुसऱ्या दिवशी पाय धरतात. दुखणं २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतं आणि आठवड्याभरात ओसरतं.

आपल्याकडे याला "अंग आंबलं" म्हणतात. शब्द छान आहे, पण त्यावरून लॅक्टिक आम्ल साचतं असा समज पसरला आहे, तो बरोबर नाही. श्रम थांबल्यावर साधारण तासाभरात लॅक्टेट पूर्ववत होतं. मंगळवारच्या दुखण्याचा दोष त्याला देता येत नाही.

ढोल पथकात सराव करणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. कमरेला ढोल बांधून तासन् तास उभं राहताना पाठीचे स्नायू फारसे आखडत नाहीत आणि लांबतही नाहीत, जागच्या जागी तणून राहतात. तिथे मधूनमधून ढोल उतरवून ठेवणं हाच खरा आराम.

काय करावं

आमचा सगळ्यात आग्रहाचा सल्ला असा: सिंहगडाच्या दोन आठवडे आधी उतरण्याचा सराव करा. पर्वतीच्या पायऱ्या त्यासाठी उत्तम. एकदा बेताचा ताण सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे तसल्याच ताणाला कमी दुखतो. निघण्यापूर्वी पाय ताणण्याने मात्र हे दुखणं फारसं टळत नाही. आणि दुखायला लागलंच तर अंथरूण धरू नका. सपाटीवर सावकाश चाला. गरम पाण्याच्या पिशवीने बरं वाटतं, जोरात चोळणं टाळा.

काही लक्षणं असतील तर आमच्याकडे न येता थेट डॉक्टरांकडे जा. लघवी कोऱ्या चहासारखी गडद होत असेल तर स्नायूंची मोठी मोडतोड झालेली असू शकते आणि मूत्रपिंडांना धोका असतो. तासभरही थांबू नका. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल, किंवा चालताना "कट्" आवाज होऊन पाय टेकवेनासा झाला असेल, तरीही तपासणी आधी.

केंद्रात येताना गुडघ्याच्या वर सरकेल अशी सैल पँट घाला, गडावर घातलेले बूट सोबत आणा आणि चालू गोळ्यांची यादी विसरू नका. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनीही स्नायू दुखतात. अशी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, आम्हाला आणि तुमच्या डॉक्टरांना सांगा.